घरी गॅस गिझर बसवताना: जागेपासून पहिल्या बादलीपर्यंत

गॅस गिझर घ्यायचे ठरले की बहुतेक घरांत चर्चा होते ती किंमत, कंपनी आणि लिटर यांची. तो बसवायचा कुठे, हा प्रश्न मात्र फिटर ड्रिल मशीन घेऊन दारात उभा राहिल्यावर दोन मिनिटांत निकालात काढला जातो. खरे तर सर्वांत आधी जागा ठरवावी आणि मग दुकानात पाऊल टाकावे. या उपकरणाच्या सुरक्षिततेचा मोठा भाग जागेवरच अवलंबून असतो आणि एकदा चुकीच्या जागी बसलेला गिझर हलवायचा कंटाळा वर्षानुवर्षे केला जातो, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

या गिझरला टाकी नसते. नळ उघडला की वाहत्या पाण्याच्या दाबाने आतला रबरी पडदा सरकतो, त्याने एक छोटा स्विच दाबला जातो, दोन मोठ्या सेलवर चालणारी ठिणगी टकटक करू लागते, गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो आणि बर्नर पेटतो. बर्नरच्या डोक्यावर तांब्याची नळी आणि तिच्याभोवती तांब्याचेच पातळ पत्रे असतात. त्यातून जाता जाता पाणी तापते. नळ बंद केला की दाब जातो आणि ज्योत विझते. पाणी साठवून तापवत ठेवावे लागत नसल्यामुळे गॅस लागतो तो वापरापुरताच. मात्र हा बर्नर घरच्या शेगडीच्या मोठ्या बर्नरपेक्षा तीन-चार पट जोरात जळतो, आणि नेमके तेच नवख्या माणसाच्या लक्षात येत नाही.

हवेचा हिशोब

सहा लिटरचा गिझर पूर्ण क्षमतेने चालला तर तासाला साधारण एक किलो एलपीजी जाळतो. एक किलो एलपीजी नीट जळायला सुमारे १२ ते १३ घनमीटर हवा लागते. म्हणजे दहा मिनिटांच्या आंघोळीत हा बर्नर दोन घनमीटर हवेतला ऑक्सिजन वापरतो. आपल्या फ्लॅटमधले न्हाणीघर पाच फूट लांब, चार फूट रुंद आणि आठ फूट उंच धरले, तर त्यात हवा मावते ती जेमतेम साडेचार घनमीटर. दार बंद, थंडी म्हणून खिडकीच्या काचाही बंद, आत एक माणूस आणि भिंतीवर जळता बर्नर, अशी स्थिती असेल तर काही मिनिटांतच हवेतला ऑक्सिजन उतरू लागतो. तो दोन-तीन टक्क्यांनी जरी घटला तरी ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. या वायूला रंग नाही आणि वासही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो, त्यामुळे श्वास व्यवस्थित चालू असल्यासारखे वाटत असतानाच शरीराला ऑक्सिजन मिळेनासा होतो.

आपल्याकडे पूर्वी तांब्याचे बंब होते. बंबातही विस्तव असे, पण लाकूडफाटा पेटला की धूर होई, डोळे चुरचुरत आणि माणूस आपोआप दार उघडे. म्हणूनच अनेक घरांत बंब परसदारी किंवा न्हाणीच्या बाहेर ठेवलेला असे. गॅसच्या निळ्या ज्योतीला धूर नाही, म्हणून तिच्यासोबत आत बसण्यात काही गैर आहे असे कोणाला वाटत नाही. वास्तविक बंब बाहेर ठेवण्याचा शहाणपणा या उपकरणाला अधिकच लागू पडतो.

तेव्हा पहिली पायरी हीच: गॅस गिझर न्हाणीघराच्या आत बसवू नये. आमच्याकडे आलेल्या माणसाने न्हाणीघराच्या दारावरची आतली जागा दाखवून "सगळे इथंच लावतात, वर खिडकी आहे ना" असे सांगितले होते. आम्ही तो ड्राय बाल्कनीत लावून घेतला. त्यासाठी अकरा फूट जास्तीचा पाइप लागला आणि भिंतीला एक भोक पाडावे लागले. नळ उघडल्यावर पाइपमधले जे थंड पाणी आधी बाहेर येते ते जेमतेम अर्धा तांब्या भरते. एवढ्यासाठी बर्नर आत ठेवण्याचे काहीही कारण नव्हते.

जागा कशी निवडावी

ड्राय बाल्कनी, न्हाणीघराच्या बाहेरची मोकळी भिंत, बंगला असेल तर परसदार, या सर्वांत चांगल्या जागा. बाल्कनी काचा लावून पूर्ण बंद केलेली असेल तर ती बाल्कनी राहिलेली नसते, खोली झालेली असते. तिथे गिझर लावायचा तर कायम उघडा राहणारा झरोका हवा. बाहेरच्या भिंतीवर बसवताना पावसाची झड आणि समोरून येणारा वारा यांचा विचार करावा. वाऱ्याने ज्योत विझली तर चांगल्या गिझरमधला सेन्सर गॅस बंद करतो, पण रोजच असे होत असेल तर आंघोळीला बसलेल्या माणसाला साबण लावून थंड पाण्यात थांबावे लागते. वर छोटे पत्र्याचे छप्पर करावे. गिझर कपाटात कोंडू नये. कोकणात आणि गोव्यात किनाऱ्याजवळच्या घरांत खारट हवेने बाहेरचा पत्रा आणि स्क्रू लवकर गंजतात, म्हणून तिथे गिझर थोडा आडोशाला ठेवावा.

इमारतीच्या डक्टकडे, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीकडे, गिझरचे तोंड करण्याची पद्धत मला धोक्याची वाटते. डक्ट अरुंद असेल आणि त्यात वरच्या-खालच्या मजल्यांच्या न्हाणीघरांच्या खिडक्या उघडत असतील, तर आपल्या गिझरमधून बाहेर पडलेला वायू शेजाऱ्याच्या आंघोळीच्या खोलीत शिरू शकतो. धूर बाहेर नेणारी नळी असलेला गिझर घेतला, तर ती नळी धातूची असावी, बाहेरच्या बाजूला किंचित उतरती असावी म्हणजे आत साचलेले पाणी गिझरमध्ये परत येणार नाही, आणि तिचे तोंड उघड्या आकाशाकडे सुटावे. त्या तोंडाला जाळी लावावी, नाहीतर पारवे घरटे करतात आणि नळी बुजते.

भिंत विटांची किंवा काँक्रीटची असावी. शेगडीच्या बरोबर वर गिझर बसवू नये. फोडणीचा तेलकट धूर बर्नरमध्ये शिरतो. दोन्ही बाजूंना किमान १५ सेंटीमीटर आणि वर किमान ३० सेंटीमीटर जागा मोकळी राहावी, जवळ पडदा किंवा कपड्यांची दोरी नसावी, आणि ज्योत दिसण्याची छोटी खिडकी उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला यावी. ती ज्योत रोज सहज दिसणे किती उपयोगाचे आहे, ते पुढे येईलच.

खरेदीपूर्वी पाहायच्या दोन गोष्टी

पहिली गोष्ट गॅसची. सिलिंडरवर चालणारा गिझर आणि पाइपच्या गॅसवर चालणारा गिझर बाहेरून सारखेच दिसतात, पण आतले जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारी बारीक तोंडे, वेगळे असतात. नैसर्गिक वायूत घनफळामागे उष्णता कमी असते आणि तो साधारण २१ मिलिबार दाबाने येतो, तर सिलिंडरचा रेग्युलेटर ३० मिलिबारच्या आसपास दाब देतो. म्हणून पाइप गॅसच्या उपकरणाचे जेट मोठ्या छिद्राचे असतात. असे उपकरण सिलिंडरला जोडले तर ज्योत प्रमाणाबाहेर मोठी होते, पिवळी पडते, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. मुंबईत महानगर गॅस आणि पुण्यात महाराष्ट्र नॅचरल गॅस यांची लाइन घरी येणार असेल, तर आज कोणता गिझर घ्यायचा हे त्यानुसार ठरवावे. जुना सिलिंडरवरचा गिझर नंतर पाइपला जोडायचा असल्यास जेट बदलण्याचे काम अधिकृत मेकॅनिककडूनच करून घ्यावे. एलपीजीच्या छोट्या गिझरसाठी भारतीय मानक आयएस १५५५८ हे आहे. खोक्यावर नव्हे, प्रत्यक्ष उपकरणाच्या पट्टीवर आयएसआय चिन्ह आहे का ते पाहावे. ज्योत विझल्यावर गॅस बंद होणे, पाणी फार तापल्यास बंद होणे आणि ठरावीक वेळेनंतर, बहुधा वीस मिनिटांनी, आपोआप बंद होणे या सोयी त्यात असाव्यात.

दुसरी गोष्ट पाण्याच्या दाबाची, आणि ती फारसे कोणी मोजत नाही. पडदा सरकायला चौरस सेंटीमीटरला साधारण ०.२ ते ०.२५ किलो दाब लागतो, म्हणजे गच्चीवरच्या टाकीचा तळ गिझरपेक्षा आठ फूट तरी उंच हवा. खालच्या मजल्यांवर राहणाऱ्याला ही अडचण येत नाही. सर्वांत वरच्या मजल्यावर, टाकी स्लॅबवर थेट ठेवलेली असेल, तर गिझर ठिणगी टाकतच नाही आणि दोष कंपनीला दिला जातो. खरेदीआधी न्हाणीघरातला नळ पूर्ण उघडून बादलीखाली एक मिनिट धरावा. एका मिनिटात सहा लिटरसुद्धा पाणी जमत नसेल तर आधी टाकी उंच करणे, प्रेशर पंप बसवणे किंवा कमी दाबावर चालणारा गिझर शोधणे यांपैकी काहीतरी करावे लागेल.

लिटरचा आकडा म्हणजे टाकीचे माप नव्हे; पाणी २५ अंशांनी तापवायचे असेल तर मिनिटाला किती लिटर मिळेल, याचे ते माप आहे. थंडीच्या दिवसांत नळाचे पाणी १८ अंशांवर असले तर ते ४३ अंशांवर येईल. बादलीने आंघोळ करणाऱ्या घराला सहा लिटर पुरेसे होतात.

बसवण्याचा दिवस

पाण्याचे काम प्लंबरने करावे आणि गॅसचे काम गॅस वितरकाने किंवा पाइप गॅस कंपनीने पाठवलेल्या माणसाने करावे. एकच माणूस दोन्ही करतो म्हणत असेल तर त्याच्याकडे गॅसच्या कामाची अधिकृतता आहे का, हे स्पष्ट विचारावे.

ओळंबा पाहून गिझर सरळ टांगला की जोडणीआधी थंड पाण्याची लाइन दोन मिनिटे मोकळी वाहू द्यावी. नव्या पाइपमधली वाळू, सिमेंटचे कण आणि टेफ्लॉन टेपचे तुकडे या वेळी निघून जातात. नाहीतर ते गिझरच्या तोंडाशी असलेल्या बारीक जाळीत अडकतात आणि आठवड्याभरातच धार बारीक होते. थंड पाण्याच्या बाजूला स्वतंत्र कॉक बसवावा, म्हणजे पुढे सर्व्हिसिंगसाठी सगळ्या घराचे पाणी बंद करावे लागत नाही. गरम पाण्याची लाइन सीपीव्हीसीची किंवा लोखंडी असावी. साधा पांढरा पीव्हीसी पाइप उष्णतेने मऊ पडतो.

गॅसच्या बाजूला तडजोड नको. सिलिंडर उभा, हवेशीर जागी आणि गिझरपासून किमान एक मीटर अंतरावर असावा. नळी केशरी रंगाची, आत पोलादी तारेची जाळी असलेली सुरक्षा नळी असावी. तिच्यावर छापलेली तारीख वाचावी, कारण पाच वर्षांनी ती बदलावी लागते. शेगडीची रबरी नळी मध्येच कापून तिला टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावून गिझर जोडण्याचा प्रकार सर्रास दिसतो, तो करू देऊ नये. एकाच सिलिंडरवर दोन्ही चालवायचे असतील तर वितरकाच्या मेकॅनिककडून धातूची लाइन आणि प्रत्येकी वेगळा कॉक बसवून घ्यावा, किंवा गिझरसाठी दुसरा सिलिंडर त्याच्या स्वतःच्या रेग्युलेटरसह ठेवावा. जोड भिंतीत पुरू नयेत.

जोडणी झाल्यावर प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावून घ्यावे आणि आपण स्वतः वाकून पाहावे. बुडबुडा फुगत असेल तर गळती आहे. काडी पेटवून पाहणाऱ्या माणसाला तिथेच थांबवावे.

पहिल्यांदा पेटवताना

सेल दिशा पाहून घालावेत, गॅसची कळ कमीत कमी वर ठेवावी, पाण्याची कळ मध्यावर आणि उन्हाळा-हिवाळा असा खटका असल्यास तो उन्हाळ्यावर. मग गॅसचा कॉक उघडून नळ सोडावा. नव्या लाइनमध्ये हवा असल्याने पहिल्या एक-दोन वेळा नुसती टकटक होऊन थांबते. अशा वेळी नळ बंद करावा, दहा-पंधरा सेकंद थांबावे आणि पुन्हा उघडावा. घाईघाईने लागोपाठ उघडझाप केल्यास आत साचलेला गॅस एकदम पेटून दणका बसतो.

ज्योत पेटली की खिडकीतून पाहावे. निळी, स्थिर, एका उंचीची आणि जवळजवळ निःशब्द ज्योत म्हणजे ज्वलन नीट आहे. पिवळी, लांब, डोलणारी किंवा फडफडणारी ज्योत असेल तर त्या दिवशी गिझर वापरू नये आणि मेकॅनिकला परत बोलवावे. नंतर हात धरून पाणी पाहावे आणि कळ हळूहळू वाढवावी. मोठ्या माणसाला ४० ते ४२ अंश सोसतात, लहान मुलाला ३७-३८ पुरे. ५० अंशांच्या पुढे भाजण्याचा धोका सुरू होतो.

कढत पाणी काढून त्यात विसण घालण्याची आपली जुनी सवय आहे. बादलीत विसण घालायला हरकत नाही. मिक्सरच्या नळावर मात्र थंडाची बाजू जास्त उघडली की गिझरमधून जाणारे पाणी कमी होते, ते आणखी तापते किंवा दाब कमी पडून बर्नरच विझतो. म्हणून पाणी गिझरवरच सोसेल इतके ठेवावे आणि विसण कमीत कमी लागेल असे पाहावे. आणखी एक बारकावा आहे: नळ बंद केल्यावर तांब्याच्या नळीत अडकलेले पाणी उरलेल्या उष्णतेने अधिक तापते. लगेच नळ पुन्हा उघडला तर पहिला अर्धा तांब्या अंग पोळण्याइतका गरम येतो. तो बादलीत जाऊ द्यावा. मुलाच्या अंगावर थेट घेऊ नये.

रोजचा वापर

आधी बादली भरावी, नळ बंद करावा, गिझर विझला याची खात्री करावी आणि मग आंघोळीला बसावे. अठरा लिटरची बादली तीन मिनिटांत भरते आणि तिला अंदाजे ५० ग्रॅम गॅस लागतो, १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये अशा पावणेतीनशेच्या आसपास बादल्या होतात. पण माझ्या दृष्टीने गॅसच्या बचतीपेक्षा महत्त्वाचे हे की माणूस आत असताना ज्योत जळत नाही.

भाड्याच्या घरात गिझर आधीच न्हाणीघरात असेल आणि घरमालक तो हलवत नसेल, तर ही पद्धत सक्तीची समजावी. बादली भरताना दार सताड उघडे ठेवावे, खिडकीच्या काचेच्या पट्ट्या काढून टाकाव्यात किंवा बांधून कायम उघड्या ठेवाव्यात, एकाची आंघोळ झाल्यावर पुढच्याने लगेच आत न जाता दहा मिनिटे हवा खेळू द्यावी, आणि वृद्ध माणसांनी, गरोदर स्त्रियांनी व मुलांनी आतून कडी लावू नये. एक्झॉस्ट पंखा आहे म्हणून निर्धास्त होऊ नये: बाहेरून हवा आत यायला वाटच नसेल तर पंखा काही बाहेर काढू शकत नाही, आणि धुराची नळी असलेल्या गिझरच्या बाबतीत तो नळीतला वायू उलट आत ओढू शकतो.

डोके जड होणे, गरगरणे, मळमळ, पायांतली ताकद गेल्यासारखे वाटणे ही कार्बन मोनॉक्साइडची सुरुवातीची लक्षणे आहेत. ती पित्ताची किंवा उपाशीपोटीची म्हणून सोडून दिली जातात. आंघोळीला गेल्यावरच असे होत असेल आणि बाहेर मोकळ्या हवेत बरे वाटत असेल, तर दुसरे कारण शोधत बसू नये. कोणी आत गेल्यावर आवाज देईनासे झाले तर दार तोडावे, त्या व्यक्तीला ओढून मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगावे की गॅस गिझर चालू होता. कोरोनाच्या काळात अनेक घरांत आलेले बोटाला लावायचे ऑक्सिमीटर येथे फसवते. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले रक्त त्याला ऑक्सिजनयुक्त वाटते आणि आकडा ९८ दाखवला जातो. त्या आकड्यावर विसंबून रुग्णालयात जाणे लांबवू नये.

गॅसचा वास आला तर विजेचे कोणतेही बटण चालू करू नये आणि बंदही करू नये, रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, सर्वांना बाहेर न्यावे आणि बाहेरून फोन करावा. एलपीजीसाठी १९०६ हा मदत क्रमांक आहे. पाइप गॅसचा तातडीचा क्रमांक बिलावर असतो, तो आधीच भिंतीवर लिहून ठेवावा. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने फरशीजवळ साचतो, तर नैसर्गिक वायू हलका असल्याने छताकडे जातो. गॅस गळतीचा अलार्म बसवायचा असल्यास त्याची उंची यावरून ठरते. हा अलार्म कार्बन मोनॉक्साइड ओळखत नाही, त्यासाठी वेगळा घ्यावा लागतो.

देखभाल

वर्षातून एकदा, शक्यतो दिवाळीच्या अभ्यंगस्नानांपूर्वी, कारण त्यानंतर थंडीत मेकॅनिक मिळत नाहीत, गिझर उघडून साफ करून घ्यावा. पत्र्यांमधली काजळी, जेटमध्ये शिरलेली धूळ आणि कोळिष्टके, पाण्याच्या तोंडाची जाळी आणि रबरी पडदा या चार ठिकाणी काम असते. बोअरचे पाणी वापरणाऱ्या घरांत तांब्याच्या नळीत आतून क्षार जमतात. पाणी पूर्वीइतके तापत नाही, नळी खडखडते आणि गॅस मात्र तेवढाच जातो. अशा घरांनी सहा महिन्यांनी क्षार काढून घ्यावेत. मेकॅनिकला पैसे देण्याआधी त्याच्यासमोर गिझर पेटवून ज्योतीचा रंग पाहावा आणि सांध्यांना पुन्हा साबणाचे पाणी लावून घ्यावे.

ठिणगीची टकटक मंद झाली की दोन्ही सेल एकत्र बदलावेत. रिचार्ज होणारे सेल कमी व्होल्टचे असतात, ते वापरू नयेत. गिझरच्या वरची भिंत काळी पडू लागली, पेटताना भप्प असा आवाज येऊ लागला किंवा ज्योतीचा निळा रंग उतरू लागला, तर वर्ष पूर्ण होण्याची वाट न पाहता गॅसचा कॉक बंद करावा आणि मेकॅनिक येईपर्यंत पाणी शेगडीवर तापवावे.